प्रोबायोटिक्स आणि वृद्धांतील आतड्याचे संसर्ग

पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना प्रोबायोटिक्स म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ही व्याख्या मांडली. घरच्या दह्यातही जिवंत जिवाणू असतात, पण विरजणागणिक त्यांचे प्रकार आणि संख्या बदलत असल्याने दही हा उत्तम आहार असला तरी त्याला मोजून दिलेले औषध मानता येत नाही.

उतारवयात, विशेषतः आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असल्यास, जठरातील आम्ल कमी होऊन अन्नपाण्यातील जंतू आतड्यापर्यंत सहज पोहोचतात. तहानेची जाणीवही मंदावलेली असल्याने जुलाबात शरीर झपाट्याने कोरडे पडते. सांगली जिल्ह्यात कृष्णा आणि वारणेचे पूर, विशेषतः २०१९ आणि २०२१ चे, ओसरल्यानंतर पिण्याचे पाणी दूषित होण्याचा धोका गंभीर होता. अशा वेळी वृद्धाचा जीव वाचवते ती जलसंजीवनी. तिचे एक लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळवावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. ताकातही पाणी उकळलेलेच हवे, ही साधी गोष्ट पुराच्या धांदलीत हमखास निसटते.

दुसरा धोका उपचारांतूनच येतो. प्रतिजैविकांमुळे आतड्यातील उपकारक जिवाणू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू फोफावतो आणि ६५ वर्षांवरील रुग्णांत त्याचा जुलाब प्राणघातकही ठरू शकतो. याचे बीजाणू अल्कोहोलयुक्त द्रवाने मरत नाहीत. म्हणून मिरजेसारख्या, दूरवरून रुग्ण येणाऱ्या वैद्यकीय केंद्रात शुश्रूषा करणाऱ्या नातलगांनी साबण-पाण्याने हात धुणे अत्यावश्यक आहे.

प्रतिजैविकांसोबत प्रोबायोटिक्स दिल्याने हा जुलाब टळतो का, याची सर्वांत मोठी चाचणी ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरील सुमारे २,९०० रुग्णांवर झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लॅक्टोबॅसिलस व बायफिडोबॅक्टेरियम यांच्या मिश्रणाचा लाभ दिसला नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर मात्र मुळात जास्त जोखीम असलेल्या रुग्णांना काही लाभ होतो असे आढळले. परिणाम जिवाणूच्या उपप्रकारावर अवलंबून असल्यामुळे एका औषधाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय ही औषधे सर्वांना निर्धोक नाहीत: सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट मोठ्या शिरेत नळी घातलेल्या अथवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या रक्तात शिरून संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे अशा रुग्णांना ते देत नाहीत.