सामाईक सुट्टीघर

सुट्टीपुरते वापरले जाणारे आणि एकाच कुटुंबातील अनेकांच्या मालकीचे असलेले घर म्हणजे सामाईक सुट्टीघर. कोकणातील वडिलोपार्जित घर हे त्याचे ठळक उदाहरण होय. एरवी कुलूपबंद असलेले हे घर शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांनी भरून जाते. कोणी कोणत्या खोलीत उतरायचे हे बहुधा रूढीने ठरलेले असते. वाद सहसा वापरावरून होत नाहीत. ते कौले परतण्याच्या खर्चावरून आणि एखाद्या हिस्सेदाराला बाहेर पडायचे असते तेव्हा होतात.

वाटणी न करता पिढ्या उलटल्या की सहहिस्सेदारांची नावे वाढत जातात. घरपट्टी ज्याच्या नावे येते तोच एकटा मालक, असा समज गावोगाव आढळतो. तो चुकीचा आहे, कारण ती नोंद कर आकारणीसाठी असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 मधील कलम 23 नुसार कुटुंबातील पुरुष वारस राहत्या घराची वाटणी करीपर्यंत स्त्री वारसाला ती मागता येत नसे. 2005 च्या दुरुस्तीने हे कलम रद्द झाले आणि मुलींना जन्मतः सहदायकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा, मिळाला. माहेरच्या घरावरील लेकीचा हक्क पाहुणचारापुरता न राहता मालकीचा झाला, ही या विषयातील सर्वांत मोठी घडामोड मानावी लागेल.

अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 44 नुसार त्याला कुटुंबासोबत तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही; त्याने वाटणीचा दावा लावल्यास वाटणी अधिनियम, 1893 च्या कलम 4 खाली घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला घेता येतो. एका माजघराचे सात तुकडे करणे व्यवहार्य नसतेच. अशा वेळी निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या धारकांनी मागणी केल्यास न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. आपसात मिटवायचे असल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा नेहमीचा मार्ग आहे.

घर टिकवायचे असेल, तर खासगी न्यास किंवा लेखी कुटुंब करार करता येतो. करारात वार्षिक वर्गणी, गणपतीचा खर्च, किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्याचा मोबदला आणि हिस्सा सोडणाऱ्याला द्यावयाच्या किमतीची रीत नमूद करावी. यातील शेवटचे कलमच बहुतेक कुटुंबे संकोचापोटी टाळतात.

गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्याच्या परंपरेतून आलेली वारसा-यादीची न्यायालयीन प्रक्रिया चालते. तीत अविभाज्य घरासाठी वारस आपसातच बोली लावतात. सर्वाधिक बोली लावणारा घर घेतो आणि त्याच्या हिश्श्याहून जादा ठरणारी रक्कम इतरांना मिळते.