हवा-वस्तुमान संवेदक, मोटारगाडीतील

एंजिनात दर सेकंदाला किती ग्रॅम हवा शिरते हे मोजून तो आकडा विद्युत संकेताच्या रूपाने एंजिनाच्या नियंत्रक संगणकाला कळवणारे उपकरण. हवेच्या गाळणीची पेटी आणि थ्रॉटल (एंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) यांच्या दरम्यानच्या नळीत, टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच्या अलीकडे, ते बसवलेले असते. गॅरेजांत ते ‘एअर फ्लो सेन्सर’ म्हणून ओळखले जाते.

या उपकरणाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन मते आढळतात. मोटारींच्या अंगाने विचार करणारे तो बॉश कंपनीच्या एल-जेट्रॉनिक इंधनप्रणालीपासून, म्हणजे सुमारे १९७३-७४ पासून धरतात. त्या प्रणालीत स्प्रिंगवर तोललेली झडप हवेच्या झोताने सरके आणि तिच्या कोनावरून प्रवाह ठरे. पण ती हवेचे घनफळ मोजत असल्याने तापमानाची दुरुस्ती वेगळी करावी लागे. काही जपानी उत्पादकांनी वापरलेले, हवेतील भोवरे मोजणारे संवेदकही मुळात घनफळच मोजत. दुसरे मत भौतिकीच्या अंगाचे आहे. लुई व्हेसॉट किंग यांनी १९१४ मध्ये तापलेल्या बारीक तारेतून वाहत्या हवेत जाणाऱ्या उष्णतेचा नियम मांडला. ही उष्णता स्थूलमानाने प्रवाहवेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याच नियमावर आधारलेला तप्त तारेचा संवेदक १९८० च्या दशकाच्या आरंभी मोटारींत आला. वस्तुमानाचे थेट मापन हेच या उपकरणाचे मर्म असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

तप्त तारेच्या प्रकारात सुमारे ०.०७ मिमी. जाडीची प्लॅटिनमची तार येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक गरम ठेवली जाते. हवा जितकी जास्त वा जितकी दाट, तितकी तार निवते. ती पूर्ववत तापवण्यास जो विद्युत प्रवाह लागतो तेच माप होय. एंजिन बंद केल्यावर तार क्षणभर सुमारे १,०००° से. पर्यंत तापवून तिच्यावरची घाण जाळून टाकण्याची सोय जुन्या रचनांत असे. पुढे तारेची जागा पातळ पटलाने घेतली, तेव्हा ही जाळण्याची सोय सामान्यतः गेली. बसलेला थर आता आपोआप जात नाही, म्हणून देखभालीचा प्रश्न उभा राहतो.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी असतो. जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलेल्या गाडीला काही तासांत दाट हवा मिळते, आणि पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे ठरावीक वजनी प्रमाण (शुद्ध पेट्रोलसाठी सुमारे १४.७ : १) दोन्ही ठिकाणी राखावे लागते. स्वच्छ संवेदक हा फरक स्वतःच टिपतो. मळलेला संवेदक बहुधा प्रवाह मोठा असताना हवा कमी दाखवतो. म्हणून सपाट रस्त्यावर निमूट चालणारी गाडी परतीच्या चढणीला दम टाकते. पेट्रोल गाडीत इंधन अपुरे पडते, तर डिझेल गाडीत धूर टाळण्यासाठी संगणक इंधनच आखडता घेतो आणि पिकअप मिळत नाही.

मळ कशाने साचतो, याबद्दलही एकमत नाही. काहींच्या मते धुऊन वापरता येणाऱ्या गाळणीला लावलेले जादा तेल आणि एंजिन बंद झाल्यावर नळीतून मागे येणारी तेलाची वाफ ही मुख्य कारणे होत. सीमाभागापुरता विचार करता गाळणीला वळसा घालून येणारी धूळ हेच कारण प्रथम तपासावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेची तांबडी माती आणि निपाणी-चिकोडीकडील काळ्या रानांतून ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागे उडणारी धूळ फार बारीक असते; तसेच घाटमाथ्याच्या पावसात भिजलेली कागदी गाळणी वाकून तिची कड सुटते. पेटी उघडून गाळणीच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ असायला हव्या त्या बाजूला बोट फिरवावे. बोटाला तांबूस पूड लागली, किंवा रबरी कडेच्या आतल्या अंगाला मातीची रेघ दिसली, तर दोष गाळणीच्या बसणीत आहे. ती न सुधारता नवा संवेदक घातल्यास तोही मळेल.

निदान करताना गाडीत हा संवेदक आहे की नाही, हे आधी पाहावे. भारतातील अनेक लहान पेट्रोल गाड्या त्याऐवजी मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतील, दाब मोजून हवेचा अंदाज घेतात. गाडीच्या संगणकाला जोडून वाचायच्या स्कॅनरवर दिसणारे पी०१०० ते पी०१०४ हे दोषांक (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) याच संवेदकाच्या विद्युत मंडलाचे असतात. पण दोषांक म्हणजे संवेदक निकामी झाल्याचा पुरावा नव्हे. संवेदकापुढची रबरी नळी चिरली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरून तशीच लक्षणे दिसतात. एंजिन बंद असताना जोडणी काढून गाडी पुन्हा चालवल्यास संगणक पर्यायी मूल्य वापरतो. त्या वेळी चाल सुधारली, तर संशय बळावतो.

साफसफाईसाठी इग्निशन बंद करून संवेदक हलकेच बाहेर काढावा आणि केवळ याच कामासाठी मिळणारा, मागे काही न ठेवता उडून जाणारा फवारा दुरून थोडा थोडा मारावा. कार्ब्युरेटर क्लीनर, कापसाची काडी आणि कॉम्प्रेसरची हवा ही तिन्ही पटलाला घातक आहेत. अर्धा तास सुकू दिल्याशिवाय जोडणी करू नये. दर सर्व्हिसिंगला सफाई करावी, असे काही कारागीर सांगतात; लक्षण दिसल्याशिवाय हात लावू नये, हे मत अधिक सुरक्षित होय.

बदलताना जुन्या भागावरील क्रमांक तंतोतंत जुळवावा, कारण दिसायला सारख्या संवेदकांचे अंशन, म्हणजे संकेत व हवेचे माप यांचा ठरवलेला मेळ, वेगळे असू शकते. स्वस्त नकली भागांत हाच दोष आढळतो. संवेदकाच्या बाहेरील कवचावरचा बाण एंजिनाकडे असावा, रबरी कडे नवे घालावे, हवा सरळ करणारी जाळी काढून टाकू नये आणि प्लॅस्टिकमधील स्क्रू जोराने पिळू नयेत. त्यानंतर दोषांक पुसून संगणकाने शिकलेली जुनी मूल्ये शून्यावर आणावीत. चाचणी सपाट रस्त्यावर पुरी होत नाही. बेळगावच्या उत्तरेस महामार्गावरील वंटमुरी घाटासारख्या चढणीवर गाडी भाराखाली चालवून एंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ग्रॅमचा आकडा अडखळल्याशिवाय वाढतो का, हे स्कॅनरवर पाहावे लागते, आणि स्कॅनर पाहण्यास दुसरा माणूस सोबत असावा.