ट्रकच्या मागील एअर सस्पेन्शनमधील हवागळती

मागचा आस कमानीच्या पाट्यांऐवजी हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर तोलणाऱ्या यंत्रणेतून हवा निसटणे, म्हणजे ही गळती. गॅरेजमध्ये या फुग्याला बेलो, बलून किंवा नुसता ‘फुगा’ म्हणतात. मालट्रक अजूनही बव्हंशी कमानीवरच चालतात. फुगे दिसतात ते आरामबसला, काही ट्रेलरना आणि बहुआसी ट्रकच्या लिफ्ट आसावर (गाडी रिकामी असताना उचलून घेता येणाऱ्या आसावर). पुणे–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग ६५) आणि विजयपुराकडे जाणारा महामार्ग ५२ हे दोन्ही सोलापुरात भेटतात. त्यामुळे रात्रभर उभी राहून सकाळी ‘बसलेली’ गाडी इथल्या गॅरेजला नवी नाही.

रचना : कंप्रेसरची हवा ड्रायरमधून, म्हणजे तिच्यातला ओलावा काढणाऱ्या भागातून, टाक्यांत जाते. सस्पेन्शनला ती प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्हमधून मिळते. फुगा फुटला तरी ब्रेकची हवा राखून ठेवणे हे या व्हॉल्व्हचे काम; ठरावीक दाबाखाली, बहुतेक गाड्यांत ५ ते ६.५ बारच्या आसपास, तो सस्पेन्शनची वाट बंद करतो. पुढे चासीवर लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा एका सळईने आसाला जोडलेला असतो. माल चढला की चासी खाली येते, दांडा वर जातो आणि फुग्यात हवा भरते. माल उतरला की जादा हवा एक्झॉस्ट तोंडातून बाहेर पडते.

निदानाची पहिली खूण याच रचनेत दडलेली आहे. फुगा गळत असला तर लेव्हलिंग व्हॉल्व्ह टाकीतली हवा ओढून तो भरत राहतो, म्हणजे सुरुवातीला गाडी बसत नाही, फक्त डॅशबोर्डवरची टाकीच्या दाबाची सुई उतरते. ती ५-६ बारपाशी थबकली आणि त्यानंतर मागची बाजू खाली येऊ लागली, तर गळती प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या पलीकडे, सस्पेन्शनच्या बाजूला आहे. ब्रेकच्या प्रत्येक सर्किटची सुई वेगळी असते; एखादी सुई तिथे न थांबता शून्याकडे गेली, तर आधी त्या ब्रेक सर्किटकडे पाहावे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्यांत हे लागू पडत नाही : किल्ली बंद होताच झडपा मिटतात, सुई जागेवर राहते आणि गाडी तेवढी बसते.

सुई वाचताना तापमान विसरू नये. दुपारच्या उन्हात ५० अंशांपर्यंत तापलेली ८ बारची टाकी पहाटे २५ अंशांवर आली, तर एक थेंबही हवा न गळता दाब सुमारे ७.३ बार दिसतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा यावरून कितीतरी चांगले फुगे विनाकारण उतरवले जाऊ शकतात. म्हणून चाचणी सावलीत, टाकी निवल्यावर घ्यावी.

तपासणी : गाडी सपाट काँक्रीटवर घ्यावी. वजनकाट्यालगतची जागा उत्तम, महामार्गाची कडा नको. तिथल्या उतारावर उंचीचे माप खोटे येते. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चासीखाली स्टँड दिल्याशिवाय कोणी आत शिरू नये, कारण फुगा बसला की चासी क्षणात खाली येते. दाब कट-आउटपर्यंत, म्हणजे कंप्रेसर हवा भरणे आपोआप थांबवतो तिथपर्यंत, भरून इंजिन बंद करावे, दोन्ही बाजूंना आस ते चासी हे अंतर खडूने लिहून ठेवावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे.

मग साबणाचे पाणी. भांड्यांचा सौम्य साबण पुरे. कॉस्टिक असलेली पावडर ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला खाते. फुग्यावर वरची प्लेट आणि तिचे फिटिंग, रबर धरणारी कडी, पिस्टनवर (फुग्याच्या खालच्या बैठकीवर) रबर दुमडते ती घडी, या क्रमाने पाणी मारावे. चासीकडची आतली बाजू आरसा आणि बॅटरीने पाहावी. गाडी बसलेली असताना चीर घडीत लपते, म्हणून दांडा हाताने वर करून फुगा ताणूनही बघावे. पावसाळ्यात घडीत काळ्या मातीबरोबर खडा अडकतो आणि रबर घासून त्यातले मजबुतीचे दोर उघडे पाडतो. असा फुगा गळत नसला तरी बदलायचाच.

एकच लेव्हलिंग व्हॉल्व्ह असेल तर डावे-उजवे फुगे एकमेकांशी जोडलेले असतात; एक गळला तरी दोन्ही बसतात. अशा गाडीचा एकाच बाजूला कल दिसला, तर कारण हवेत नव्हे, बुश (सांध्यातले रबर), टॉर्क रॉड (आस जागेवर धरणारा दांडा) किंवा मालाच्या मांडणीत शोधावे.

लेव्हलिंग व्हॉल्व्ह तपासताना सळई सोडावी. दांडा वर केला की हवा भरली पाहिजे, खाली केला की सुटली पाहिजे, मध्यावर दोन्ही बंद. काही व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो. घाईने ‘व्हॉल्व्ह गेला’ म्हणू नये. दांडा मध्यावर असूनही एक्झॉस्टमधून हवा येत असेल, तर हवा उतरवून फुग्याकडची पाइप काढावी, ते तोंड प्लगने बंद करावे आणि टाकीचा दाब पुन्हा द्यावा. गळती थांबली तर हवा फुग्याच्या बाजूने परत येत होती, न थांबल्यास पुरवठ्याचे सील गेले. नायलॉनची पाइप पक्कडीत दाबून हवा अडवण्याची सवय वाईट : तिथे कायमची घडी पडते आणि पुढे तीच फुटते.

दुरुस्तीत पाइप कटरने काटकोनात कापावी. हेक्सॉच्या कातरलेल्या टोकाने पुश फिटिंगची (पाइप नुसती आत दाबून बसवायच्या जोडाची) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फाटते. ओ-रिंगच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नये. तिचे तुकडे थेट लेव्हलिंग व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. फुग्याला ट्यूबसारखा पंक्चरचा पॅच टिकत नाही.

फुगा वरच्या कडीपाशी वारंवार सुटत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बर पाहावा. खड्ड्यात आस किती खाली लटकेल, हे बऱ्याच गाड्यांत तोच ठरवतो. तो तुटला की फुगा मर्यादेपलीकडे ताणला जातो. गळती अंगावर काढली तर कंप्रेसर सतत चालतो, तापतो, तेल पुढे ढकलतो आणि ड्रायरचे काडतूस निकामी होते. टाकीच्या ड्रेनमधून दुधाळ, तेलकट पाणी येऊ लागले, की हे पाणी ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंतही पोचले असे समजावे.