टर्मिनल एम्युलेटर आणि आरंभीच्या पीसींचे नेटवर्क सॉफ्टवेअर

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे स्वतःचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असलेल्या संगणकाला तेवढ्यापुरते टर्मिनलचे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. टर्मिनलचे काम तसे मोजकेच. दाबलेली कळ तारेवरून दूरच्या यंत्राकडे पाठवायची आणि तिकडून आलेले अक्षर पडद्यावर उमटवायचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेबलावर मावणारे संगणक आले, पण विद्यापीठांचा आणि मोठ्या कार्यालयांचा खरा कारभार मेनफ्रेम व मिनिसंगणकांवरच चालू होता. एकाच टेबलावर टर्मिनल आणि पीसी असे दोन कीबोर्ड मांडण्यापेक्षा पीसीलाच टर्मिनल करणे सोयीचे होते, म्हणून हे प्रोग्राम लिहिले गेले.

सोंग घ्यायचे तर कोणाचे, हा पहिला प्रश्न. बहुतेकांनी व्हीटी-१०० निवडले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे हे टर्मिनल १९७८ मध्ये आले. त्याच्या पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. गंमत अशी की ‘बिनडोक’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या टर्मिनलच्या पोटात इंटेल ८०८० हाच प्रोसेसर होता, म्हणजे पहिल्या काही घरगुती संगणकांचा मेंदू. पडदा पुसणे, कर्सर हलवणे, अक्षरे ठळक करणे अशा आज्ञा ‘एस्केप’ या २७ क्रमांकाच्या चिन्हाने सुरू होत. एस्केपनंतर डावा चौकटी कंस, मग २ हा आकडा आणि मोठ्या लिपीतला ‘जे’ आला की पडदा कोरा व्हायचा. एम्युलेटरला ही भाषा येत नसेल, तर पडदा कोरा होण्याऐवजी कंस, आकडे आणि अक्षरे यांचा कचरा मजकुरात पसरे. ‘व्हीटी-१०० चालते’ अशी जाहिरात करणारे कित्येक प्रोग्राम मजकूर लिहिण्याचा संपादक-प्रोग्राम उघडताच असे उघडे पडत.

घरगुती यंत्रांवर अडचण आणखी मुळातली होती. ॲपल-२ आणि कमोडोर-६४ यांच्या पडद्यावर मुळात ४० रकाने. ॲपलला ८० रकान्यांचे कार्ड बसवता येई. कमोडोरवर ओळी दुमडून वाचाव्या लागत किंवा अक्षरे अर्ध्या रुंदीची काढावी लागत. शिवाय कमोडोरची अक्षरसंहिता वेगळी. भाषांतर न करता आस्की या सर्वमान्य अक्षरसंहितेतला मजकूर दाखवला की मोठी आणि छोटी लिपी अदलाबदल होऊन दिसे. त्याच्या पोर्टवरचे व्होल्टेजही आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या ठरावीक मापाचे नसल्याने मध्ये वेगळी जोडणी बसवावी लागे. म्हणून अशा यंत्रासाठी सॉफ्टवेअर शोधताना प्रोग्रामचे नाव शेवटी पाहावे. आधी पोर्ट, कार्ड आणि डिस्कचा प्रकार पाहावा.

सगळ्यात मोठा पेच मात्र ‘आधी कोंबडी की आधी अंडे’ या जातीचा होता. दूरच्या संगणकावर एम्युलेटर ठेवलेला आहे, पण तो उतरवून घ्यायला एम्युलेटरच हवा. फ्लॉपीवर मागवावा, तर सीपी/एम ही तेव्हाची ऑपरेटिंग प्रणाली चालवणाऱ्या प्रत्येक उत्पादकाचा सव्वापाच इंची फ्लॉपीचा साचा वेगळा. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचताच येत नसे. यावरचा सर्वांत शहाणा तोडगा कर्मिट या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या मंडळींनी काढला. प्रोग्रामची द्विमान फाइल ते छापता येणाऱ्या साध्या अक्षरांत बदलून ठेवत. अशा फाइलच्या नावाचे शेपूट ‘बू’ असे. वापरणारा बेसिकमधला एक छोटा प्रोग्राम हाताने टाइप करून घेई. ती अक्षरे तारेवरून यंत्रात आली की हा प्रोग्राम त्यांचा पुन्हा चालणारा प्रोग्राम बनवी. बेसिक बहुतेक यंत्रांसोबत मिळतच असे, त्यामुळे बाहेरून काही आणावे लागत नसे.

कर्मिट १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी तयार केले. मध्यवर्ती संगणकावर विद्यार्थ्यांना डिस्कची जागा तुटपुंजी मिळे. त्यांच्या फाइली फ्लॉपीवर उतरवून ठेवता याव्यात, एवढाच मूळ हेतू होता. नाव मपेट्स या बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या बेडकाचे. त्याआधी १९७७ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी एक्समोडेम ही फाइल पाठवण्याची पद्धत काढली होती. तीत १२८ बाइटांचा एक ठोकळा पाठवायचा, सोबत पडताळणीसाठी त्या बाइटांची बेरीज, आणि पलीकडून होकार आला तरच पुढचा. सोपी, झटपट, पण तार आठही बिटे जशीच्या तशी नेणारी हवी. मेनफ्रेमच्या जोडण्यांना ते जमत नसे. काही चिन्हे त्या स्वतःसाठी आज्ञा समजून गिळून टाकत. कर्मिट सगळे काही छापण्याजोग्या अक्षरांत गुंडाळून लहान पाकिटांनी पाठवी, म्हणून ते सावकाश चाले, पण पोहोचे. वेगाच्या हौशी लोकांनी कर्मिटची टवाळी पुष्कळ केली. ती अर्धवट खरी होती, कारण पाकिटे मोठी करण्याची आणि उत्तराची वाट न पाहता पुढची पाठवण्याची सोय नंतर आली आणि जुन्या आवृत्तीवर बेतलेले मत तसेच टिकून राहिले.

असे सॉफ्टवेअर मिळण्याच्या वाटा तीन-चार. कोलंबिया विद्यापीठ कर्मिट चुंबकीय फितींवर टपालाने पाठवी आणि पुढे प्रती काढायला मोकळीक देई. क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत पहिले संगणकी सूचनाफलक सुरू केले. पुढे अशा फलकांवरून फोनने प्रोग्राम उतरवणे रूढ झाले. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी पीसी-टॉक लिहून ‘आधी वापरा, आवडल्यास पैसे पाठवा’ ही रीत सुरू केली. शेअरवेअरची सुरुवात, म्हणजे, एका एम्युलेटरपासूनच झाली असे म्हणता येते. प्रोकॉम त्याच रांगेतले.

इंटरनेटवर मोठा साठा सिमटेल-२० चा होता, तोही न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या अमेरिकी लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रातल्या संगणकावर. त्या यंत्राचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा बिटांचा गट, ३६ बिटांचा, पीसीच्या आठ बिटांच्या बाइटांशी न जुळणारा. त्यामुळे एफटीपी या फाइल उतरवण्याच्या पद्धतीने फाइल मागवण्याआधी ‘टेनेक्स’ ही आज्ञा द्यावी लागे. ती विसरली की फाइल पूर्ण आल्यासारखी दिसे, पण उघडत नसे. फाइल दूषित आहे असे समजून लोक ती पुन्हा पुन्हा त्याच चुकीने मागवत.

मोडेमऐवजी नेटवर्क कार्ड आले तेव्हा टर्मिनलचे सोंग तसेच राहिले, खालची पाटी बदलली. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएम पीसीसाठी टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची संवादपद्धती राबवणारे सॉफ्टवेअर, लिहिले गेले. त्या गटातील लोकांनी १९८६ मध्ये एफटीपी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. तिनेच ‘पॅकेट ड्रायव्हर’ची, म्हणजे कार्ड आणि प्रोग्राम यांच्या मधल्या दुव्याची, ठरावीक पद्धत मांडली, म्हणून एकच ड्रायव्हर घालून वेगवेगळे प्रोग्राम एकाच कार्डावर चालू लागले. इलिनॉय विद्यापीठातून निघालेले एनसीएसए टेलनेट पीसी आणि मॅकिंटॉश दोन्हींवर चाले आणि एका वेळी अनेक जोडण्या उघडे. फिल कार्न यांचे केए९क्यू हे टीसीपी/आयपी सॉफ्टवेअर हौशी रेडिओवाल्यांत प्रिय. नाव त्यांच्या रेडिओ परवान्याचे. डॉसमध्ये बहुधा प्रत्येक प्रोग्राम स्वतःची टीसीपी/आयपी पोटातच घेऊन येई, म्हणून यंत्राचा पत्ता प्रत्येकाच्या फाइलीत वेगळा लिहावा लागे. विंडोज ३.१ वर ही उणीव टास्मानियातील पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉकने भरून काढली. विंडोज ९५ मध्ये सोय अंगभूतच आली.

आज जुने यंत्र जोडायचे असल्यास शोध सोपा आहे. कर्मिटच्या जवळजवळ सर्व आवृत्त्या कर्मिट प्रकल्पाच्या साठ्यात आहेत, डॉससाठी मायकेल ब्रूटमन यांचे एमटीसीपी हे टीसीपी/आयपी सॉफ्टवेअर पॅकेट ड्रायव्हरवर चालते, आणि बाकीचे पुष्कळ इंटरनेट आर्काइव्हवर. अडते ते भलत्याच ठिकाणी. जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टातली ८२५० ही चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवते. ९६०० बिटांच्या वेगाला दर सेकंदाला ९६० अक्षरे येतात, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम एक मिलिसेकंद. पडदा वर सरकवण्यात प्रोसेसर गुंतला की मधली अक्षरे हरवतात आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो. १६ अक्षरांची रांग धरणारी १६५५०ए चिप बसवली, किंवा वेग २४०० वर उतरवला, की तोच प्रोग्राम नीट चालतो.

दुसरी अडचण पलीकडच्या बाजूची. आताचे सर्व्हर एसएसएच ही कूटबद्ध जोडणी मागतात आणि ते कूटलेखन जुन्या प्रोसेसरला पेलत नाही. म्हणून मध्ये एक लिनक्स यंत्र ठेवतात, त्याच्या सिरियल पोर्टावर लॉगिनची सोय करतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या तारा उलटसुलट जोडलेली नल-मोडेम केबल लावतात. लिनक्सला समोर व्हीटी-१०० आहे असे सांगायचे राहिले, तर पडद्यावर पुन्हा तेच चौकटी कंस दिसू लागतात.