अकरा मिलिमीटर म्हणजे नेमके किती? पॉइंट टू-टूवरच्या स्कोपची पार्श्वभूमी

गोव्यातल्या सत्तरीत किंवा सांग्यात कुणी पॉइंट टू-टूवर (.22 च्या रायफलीवर) स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, चढवायचं मनावर घेतलं की पहिली चर्चा भिंगाची: चारपटीचा घ्यावा की नऊपटीचा? स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा कुठल्या, हे कुणी विचारत नाही. घोळ होतो तो नेमका तिथेच.

.22 शॉर्ट हे काडतूस 1857 चं, .22 लाँग रायफल हे 1887 चं. पुढे कित्येक वर्षं बहुतेकांचा नेम नळीवरच्या माशी आणि खाचेवरच, म्हणजे स्कोपविनाच, होता. 1930 मध्ये अमेरिकेतल्या वीव्हर नावाच्या एका तरुण कारागिराने साध्या शिकाऱ्याला परवडेल असा पाऊण इंची नळीचा स्कोप काढला. टू-टूच्या स्वस्त स्कोपांची नळी त्यानंतर अनेक दशकं तेवढीच बारीक राहिली. आज एक इंच आणि 30 मिलिमीटर चालतात.

स्कोप बसवायचा कशावर? टू-टूचा गोळी सुटतानाचा धक्का नगण्य, म्हणून कारखान्यांनी स्वस्तातला मार्ग काढला. वेगळा बेस न देता रायफलीच्या पाठीवरच दोन समांतर खाचा कोरल्या. हीच डोव्हटेल. अमेरिकेत तिची रुंदी तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. युरोपात 11. दोन्ही मापं निरनिराळी, पण रिंगांच्या खोक्यावर मात्र ‘3/8 इंच – 11 मिमी’ असं एका ओळीत छापतात, जणू एकच. काही बंदुकींवर तर ही रुंदी 13 मिलिमीटरच्या पुढे जाते. खाचांच्या कडांचा कोनही सगळीकडे सारखा नसतो. माझ्या मते ‘अकरा मिलिमीटर’ हे आता माप राहिलेलं नाही, नुसतं आडनाव झालंय.

मीही फसलोय. ‘अकरा’ छापलेल्या रिंगा मागवल्या. जबडे पार मिटले, स्क्रू थांबले, तरी स्कोप अंगठ्याने पुढे सरकत होता. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजलं तर पाठ साडेनऊची. विकणाऱ्याने ‘सगळ्यांना बसतात’ म्हणून हात झटकले. तेव्हापासून मी आधी माप घेतो, मग पैसे देतो.

या गोंधळावर उतारा म्हणून आडव्या खाचांच्या रेल आल्या. त्या कारागिराच्याच नावाची वीव्हर रेल आधीपासून होती. 1995 मध्ये अमेरिकी सैन्याने पिकाटिनी रेलचं माप ठरवून दिलं. वीव्हरच्या रिंगा सहसा पिकाटिनीवर बसतात, पण उलट जमत नाही, कारण रिंगेचा आडवा दांडा जिच्यात बसतो ती पिकाटिनीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद, वीव्हरची जेमतेम 4.57. म्हणजे इथेही नावावर भरवसा ठेवून चालत नाही.

भिंगाबद्दल थोडंच. डोळा थोडा हलला की स्कोपमधली नेमाची खूण लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते, तो पॅरालॅक्स. मोठ्या रायफलीचे स्कोप साधारण 100 यार्डांवर पॅरालॅक्समुक्त केलेले असतात, टू-टूचे 50 वर. 32 मिलिमीटरचं पुढचं भिंग असलेला 100 यार्डांचा स्कोप 50 यार्डांवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेम 8 मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. लक्ष्य कागदी असेल तर दहाचं वर्तुळ हुकायला तेवढं पुरे. आणि हल्ली कागदच, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. डुकरं आणि माकडं कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) धुडगूस घालतात ती गोष्ट निराळी. शेती राखायच्या परवान्यावर मला तरी बारा बोअरची एकनळी बंदूकच जास्त दिसते.

गोव्यातली खरी कसोटी दोन प्रसंगी लागते. एक पावसाळा: बंद कपाटात भिंगाच्या आत बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. दुसरी निवडणूक: बंदूक ठाण्यात जमा करायची, तर आधी स्कोप उतरवावा लागतो, नाहीतर तो कुठल्या रांगेत कशावर आपटेल सांगता येत नाही. डोव्हटेलला आडवी खाच नसल्याने रिंग परत त्याच जागी बसेलच असं नाही. म्हणून उतरवण्याआधी रिंगेच्या दोन्ही कडांना पाठीवर पेन्सिलीने रेघ मारतो. बंदूक परत आली की रेघेला रेघ जुळवायची, स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळायचे आणि 50 यार्डांवर पाच गोळ्या झाडून पाहायच्या. मागच्या खेपेला पाचही डावीकडे गेल्या होत्या.