पत्रिका हातात आली की आधी रवी बघा

(आमच्याकडे पत्रिका करायला देणाऱ्यांसाठी)

"पत्रिकेत सगळं उलटंच आलंय" असे फोन आम्हाला नेहमी येतात. गणित तपासलं तर बरोबर निघतं. अर्जात जन्मवेळेपुढे नुसतं '12.30' लिहिलेलं असतं. रात्रीचे की दुपारचे, हे आम्ही कसं ओळखायचं? लग्नरास (थोडक्यात लग्न), म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दर दोन तासांनी बदलते. बारा तासांची गफलत झाली की लग्न थेट समोरच्या राशीत जातं आणि तिथून मोजलेली बाराही स्थानं, म्हणजे कुंडलीतली घरं, फिरतात. पत्रिका नव्याने मांडा, नव्याने छापा, वर तुम्हाला हेलपाटा.

ही चूक घरबसल्या पकडता येते. कुंडलीत 'र', म्हणजे रवी (सूर्य), कुठे बसलाय ते पाहा. जन्म सूर्योदयाच्या सुमाराचा असेल तर रवी लग्नात, म्हणजे पहिल्या स्थानात. मग दिवस चढेल तसा तो उलट्या क्रमाने द्वादश, एकादश असा सरकतो: भर दुपारी दशमात, सूर्यास्ताला सप्तमात, मध्यरात्री चतुर्थात. एखाद्या स्थानाचा फरक चालेल. पण बाळ मध्यरात्री झालं आणि रवी दशमात दिसतोय, तर आम्हाला लगेच कळवा.

तारखेचा घोळ मात्र रवी दाखवत नाही. आजी सांगते, "सोमवारी रात्री साडेबाराला झाला," कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो. दवाखान्याच्या कागदावर तारीख मंगळवारची. दिवसभरात रवी जेमतेम 1 अंश चालतो, चंद्र 13 अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अख्खं नक्षत्र. नक्षत्र चुकलं की गुणमेलन चुकलं, दशाही (आयुष्यातले ग्रहांचे कालखंड) चुकल्या. दवाखान्याचा कागद मागतो तो एवढ्यासाठी; काहींना ती अडवणूक वाटते, इलाज नाही.

मोबाइलवर रवी सिंहेत आणि आमच्याकडे कर्केत, हाही नेहमीचा प्रश्न. तिथलं गणित सायन (ऋतूंवरून मोजलेलं) असतं, आपलं निरयन (ताऱ्यांवरून मोजलेलं). सध्या फरक सुमारे 24 अंशांचा. या फरकालाच अयनांश म्हणतात; तो मोजायच्या पद्धतींपैकी आम्ही चित्रापक्ष धरतो, आणि ग्राहकाच्या आग्रहाखातर रास बदलून देत नाही.

राहिला नीच रवी, म्हणजे सर्वांत दुबळा मानला जातो त्या तूळ राशीतला रवी. आत्मा, वडील, मानमरातब, सरकारदरबार हे सगळं रवीकडे, त्यामुळे 'नीच' वाचलं की लोकांचा धीर सुटतो. अहो, दरवर्षी साधारण 17 ऑक्टोबर ते 16 नोव्हेंबर रवी तुळेतच असतो. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या बहुतेकांचा रवी नीचच निघणार! तुळेचा स्वामी शुक्र कुठे आहे, नीचभंग होतो का (म्हणजे नीचपणा रद्द होतो का), हे बघितल्याशिवाय घाबरू नका आणि परस्पर रवीचं रत्न माणिकही घेऊ नका. माणिक आमच्याकडे मिळतं. पण मकर लग्नाला रवी अष्टमेश (अशुभ मानलेल्या आठव्या स्थानाचा स्वामी) होतो, अशांना आम्ही ते सहसा देत नाही.

अर्जात वेळेपुढे पहाटे, सकाळ, दुपार, संध्याकाळ की रात्र, तेवढं अक्षरात लिहा. दुसरीकडे केलेली जुनी पत्रिका असेल तर तीही घेऊन या. जन्मवेळ आणि रवीचं स्थान जुळतं का, हे उभ्याउभ्या पाहून सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.