समाजमाध्यमांच्या बंद नोंदी आणि संशोधक

समाजमाध्यमावर कोणी काय लिहिले हे शोधणे तुलनेने सोपे असते. पण तो मजकूर कोणाकोणाच्या पडद्यावर आला आणि अल्गोरिदमने तो वर का आणला, हे कंपनीच्या स्वतःच्या नोंदींवरूनच कळू शकते. एखादी अफवा हजार जणांनी लिहिली असली, तरी ती दहा हजारांनी पाहिली की दहा लाखांनी हे ठाऊक नसेल, तर तिचा परिणाम मोजायचा कशाच्या आधारे?

या नोंदी बाहेर देण्यात गोपनीयतेचा धोका आहे, हे कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी सर्च इंजिनवर काय काय शोधले, याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावांच्या जागी क्रमांक घातलेले होते, तरीही शोधांमध्ये आलेल्या गावाच्या आणि आडनावाच्या उल्लेखांवरून पत्रकारांनी एका वृद्ध महिलेला काही दिवसांतच हुडकून काढले.

परंतु कंपनी देईल तेवढ्यावर विसंबणेही धोक्याचेच असते. कोणत्या बातम्यांचे दुवे किती जणांनी पाहिले आणि पुढे पाठवले, याची माहिती फेसबुकने निवडक संशोधकांना दिली होती. 2021 मध्ये इटलीतील उर्बिनो विद्यापीठाच्या एका संशोधकाने ती कंपनीच्याच जाहीर अहवालाशी ताडून पाहिली, तेव्हा आकडे जुळेनात. ज्यांचा राजकीय कल ओळखता येत नव्हता, असे अमेरिकेतील जवळपास निम्मे वापरकर्ते त्या संचातून चुकून वगळले गेले होते. तोवर त्या आकड्यांवर संशोधन सुरू झालेले होते. ही गफलत उघडकीस आली, ती ताडून पाहायला दुसरा अहवाल हाताशी होता म्हणूनच.

युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टमधील कलम 40 याच कोंडीवर उपाय शोधते. संघात महिन्याला किमान साडेचार कोटी सक्रिय वापरकर्ते असलेल्या आणि युरोपीय आयोगाने तसे घोषित केलेल्या मंचांना ते लागू होते. संशोधकाला अर्ज कंपनीकडे नव्हे, तर सरकारी नियामकाकडे करावा लागतो. संशोधक व्यापारी हितसंबंधांपासून मुक्त असला पाहिजे, निधी कोठून येतो हे त्याने सांगितले पाहिजे आणि निष्कर्ष विनामूल्य प्रसिद्ध केले पाहिजेत. नियामकाकडून माहितीची मागणी हाती पडल्यावर कंपनीला 15 दिवसांत व्यापारी गुपिताचे किंवा सुरक्षेचे कारण पुढे करता येते. मात्र नुसता नकार चालत नाही, पर्यायी मार्गही तिनेच सुचवायचा असतो. माझ्या मते या कलमातील सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच आहे.

बंद नोंदींसाठीचे सविस्तर नियम ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस लागू झाले. गरजेनुसार माहिती सुरक्षित संगणकीय कक्षातच हाताळण्याची अट घालता येते, म्हणजे संशोधक तेथे विश्लेषण करतो, पण मूळ नोंदी बाहेर नेऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि माहितीत वेळोवेळी झालेले बदल नोंदवणारी कागदपत्रेही कंपनीने सोबत द्यावीत, अशी अपेक्षा आहे. उर्बिनोतील संशोधकाला जे आकडे ताडून शोधावे लागले, त्याचा माग काढायला आता निदान एवढा आधार मिळेल.